ओढ्यातली मेफ्लायची पिल्ले नाहीशी झाली, शंख आणि जळवा मात्र आहेत: याचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न: खळाळ (मखमलाबाद, नाशिक)

नमस्कार. आम्ही आठ-दहा जण गेल्या दीड वर्षापासून आमच्या भागातल्या एका ओढ्याचे निरीक्षण करीत आहोत. हा ओढा शहराच्या वायव्येकडील टेकड्यांतून उतरतो, द्राक्षबागांच्या कडेकडेने येतो, मग वस्तीत शिरतो आणि शेवटी गोदावरीला मिळतो. आमच्यात दोन निवृत्त शिक्षक, एक परिचारिका, काही महाविद्यालयीन विद्यार्थी आणि मी आहे. जलशास्त्राचे शिक्षण कोणाचेही झालेले नाही. गंगेवर (नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात) लहानाचे मोठे झालेल्या आम्हा लोकांना या पाण्याविषयी जी हळहळ वाटते, ती नुसती हळहळ न राहता तिची काही नोंद व्हावी, एवढ्याच हेतूने हे काम सुरू झाले.

ओढ्यावर आम्ही दोन जागा ठरवल्या आहेत. वरची जागा बागांच्या पट्ट्यात आहे आणि खालची वस्तीतल्या पुलाजवळ. पाणी गोट्यांवरून खळाळत जाते असा तुकडा निवडून आम्ही अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीचे चौकोनी जाळे प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरतो आणि एक जण वरच्या अंगाला उभा राहून, घड्याळ लावून, ३ मिनिटे पायाने गोटे ढवळतो. जाळ्यात आलेले सगळे पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून भिंगाखाली गट ओळखतो, मोजतो, नमुन्यादाखल एक-दोन जीव ठेवतो आणि बाकीचे पुन्हा ओढ्यात सोडतो. गुणांकनासाठी दक्षिण आफ्रिकेत स्वयंसेवकांसाठी तयार झालेली मिनीसास ही पद्धत वापरतो, कारण तिच्यात प्रजाती ओळखाव्या लागत नाहीत, १३ ढोबळ गटांवर काम भागते. प्रत्येक गटाला ठरलेले गुण असतात, प्रदूषण न सोसणाऱ्या गटांना जास्त, आणि सापडलेल्या गटांच्या गुणांची सरासरी काढायची असते.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरच्या जागी मेफ्लाय या नाजूक कीटकाची पाण्यात वाढणारी, दगडाला चिकटणारी चपटी पिल्ले (११ गुण), लहान माशासारखी सुळकन पोहणारी मेफ्लाय (५), कॅडिसफ्लाय या पाणकीटकाच्या अळ्या (९), चतुराची पिल्ले (६), खेकडे व चिंगळ्या (६), पाण्यातले ढेकूण व भुंगेरे (५) आणि शंख (४) असे ७ गट मिळाले होते. एकूण ४६ गुण, सरासरी ६.६. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी त्याच जागी शंख (४), जळवा (२), गांडुळासारखे बारीक किडे (२) आणि माशीवर्गातल्या अळ्या (२) एवढेच निघाले, सरासरी २.५. खालच्या जागेची सरासरी दोन्ही वेळा २.५ ते ३ यांच्या दरम्यान आहे, पण तिथे सांडपाणी उघड्या डोळ्यांनी दिसते, त्यामुळे त्याचे आश्चर्य वाटले नाही.

वरच्या जागेचे मात्र मनाला फार लागले. नोव्हेंबरमध्ये भाकरीएवढा एक काळा दगड उलटा केला, तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला चपट्या मेफ्लायची सहा पिल्ले होती आणि उजेड पडताच ती खेकड्यासारखी आडवी सरकत दगडाच्या कडेआड जात होती. डिसेंबरमध्ये तोच दगड उलटा केला. त्याच्या खाचेत कॅडिसफ्लायच्या अळीने विणलेले बोटाच्या पेराएवढे जाळे अजून ताणलेले होते, त्यात गाळ भरला होता, आणि विणणारी अळी कुठेच नव्हती.

पाणी दिसायला स्वच्छ होते. आमच्याजवळच्या चाचणी संचाने विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सुमारे ७ मिलिग्रॅम दाखवला, सामू ८ होता, नायट्रेटमध्येही फरक नव्हता. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. हे बागांमधल्या कीटकनाशकामुळे झाले असेल, की पाणी ओसरल्यामुळे, की आमच्या हातून काही चुकले? गटातल्या काहींचे मत आहे की ही गोष्ट ताबडतोब वर्तमानपत्रात द्यावी. मला तशी घाई करण्याची भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: भिंग (पुणे)

तुमची नोंद वाचून प्रथम आनंद झाला आणि मग काळजी वाटली. आनंद यासाठी, की तुम्ही काय नाही याच्याबरोबरच काय उरले आहे हेही लिहिलेत, आणि या प्रश्नाचे अर्धे उत्तर उरलेल्या जिवांमध्ये असते.

पण ओळख बरोबर आहे ना, याची आधी खात्री करून घेऊ. नवख्या माणसाची सर्वांत नेहमीची गफलत टाचणीच्या, म्हणजे नाजूक चतुराच्या, पिल्लांबाबत होते. तिच्याही शेपटाकडे तीन टोके असतात. परंतु ती पानासारखी रुंद असतात आणि ती तिची श्वासेंद्रिये असतात. मेफ्लायच्या शेपट्या केसासारख्या बारीक असतात, दोन किंवा तीन, आणि तिचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना ओळीने असतात, ट्रेमध्ये शांत पाण्यात ठेवली की ते थरथरताना दिसतात. स्टोनफ्लाय ही मेफ्लायसारखीच दिसणारी दुसरी पाणकीटक कधी मिळालीच, तर तिच्या शेपट्या दोनच असतात आणि प्रत्येक पायाला दोन नख्या असतात, मेफ्लायला एकच. तुम्ही दगडावर आडवी सरकणारी चपटी पिल्ले पाहिलीत, म्हणजे ती हेप्टाजेनिइडी कुळातली असावीत, आणि ती दुसऱ्या कशाशी गफलत होण्याजोगी नाहीत. म्हणून नोव्हेंबरची नोंद मी विश्वासार्ह मानतो.

आता डिसेंबरकडे पाहू. ओढ्यात सांडपाणी किंवा शेण-मळी यांसारखा सेंद्रिय भार आला, तर जिवाणू तो कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि ज्यांना जास्त ऑक्सिजन लागतो ते जीव आधी जातात. मेफ्लाय जातात, कॅडिस जातात. पण पाण्यातले ढेकूण आणि भुंगेरे पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, त्यामुळे ते बहुधा टिकतात. गांडूळवर्गीय किड्यांची आणि लाल अळ्यांची संख्या तर बेसुमार वाढते, कारण त्या अळ्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते आणि थोडक्या ऑक्सिजनवर त्यांचे भागते. तुमच्या खालच्या जागेची सरासरी अशाच चित्राशी जुळते.

वरच्या जागेचे चित्र वेगळे आहे. तिथे हवेतून श्वास घेणारे ढेकूण आणि भुंगेरेही गेले, चतुर गेले, चिंगळ्या आणि खेकडेही गेले, आणि ऑक्सिजन मात्र उत्तम आहे. जे गेले ते जवळजवळ सगळे संधिपाद आहेत, म्हणजे सांधेदार पायांचे. जे उरले त्यांत मुख्यतः शंख, जळवा आणि गांडुळासारखे किडे आहेत, आणि यांपैकी कोणीही संधिपाद नाही. बहुतेक कीटकनाशके कीटकांच्या चेतासंस्थेवर घाव घालण्यासाठीच बनवलेली असतात, आणि त्यांचा घाव कीटकांच्या नात्यातल्या खेकडा-कोळंबीवरही बसतो. शंख आणि जळवा त्यातून पुष्कळदा सुटतात. माशीवर्गातल्या अळ्या उरल्या हे याला विरोधी वाटेल, परंतु त्यांचे आयुष्यचक्र काही आठवड्यांचे असते आणि उडत्या माद्या येऊन पुन्हा अंडी घालतात, त्यामुळे पाणी निवळल्यावर सर्वांत आधी परतणाऱ्यांत त्या असतात.

याचे एक नोंदलेले उदाहरण इंग्लंडमधले आहे. २०१३ च्या जुलैमध्ये केनेट नदीवर मार्लबरो गावाजवळ स्वयंसेवक नेहमीप्रमाणे ३ मिनिटांचा नमुना घेत होते आणि त्यांच्या जाळ्यात नदीतली एरवी विपुल असणारी गोड्या पाण्यातली कोळंबीसारखी गॅमरस जवळजवळ मिळालीच नाही. त्यांनी त्याच दिवशी कळवले म्हणून तपास लवकर सुरू झाला आणि क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक कारणीभूत असल्याचे निघाले. काही किलोमीटर पट्ट्यातले संधिपाद संपले होते, आणि शंख व जळवा जिवंत होत्या. जर्मनीत तर याच तत्त्वावर, कोणत्या जिवांना कीटकनाशकाचा धोका अधिक आहे हे पाहून ओढ्याला गुण देणारा स्पीअर नावाचा निर्देशांक २००५ पासून वापरात आहे.

आणखी एक गोष्ट द्राक्षबागांच्या संदर्भात महत्त्वाची आहे. बागेत बोर्डो मिश्रणही वापरतात आणि त्यात मोरचूद असते. तांबे हे शंखांचे वैरी आहे. शंख मारण्यासाठीच मोरचुदाचा वापर होत आलेला आहे. ओढ्यात तांब्याचा मोठा लोट आला असता, तर शंख आधी गेले असते. तुमचे शंख आहेत, म्हणून मी संशयाची सुई कीटकनाशकाकडे ठेवीन, बुरशीनाशकाकडे नाही. मात्र हा संशय आहे, निकाल नव्हे.

उत्तर २: गोदातीर (नाशिक रोड)

भिंग यांचे विवेचन मला पटते, तरीही मी थोडा आवर घालू इच्छितो, कारण गेली काही वर्षे मीही अशाच एका गटाबरोबर काम करतो आहे आणि घाईने काढलेला निष्कर्ष मागे घेताना किती त्रास होतो, हे मी अनुभवले आहे. आमच्या एका नोंदीत हिवाळ्यात गुण एकदम घसरले होते. आम्ही जवळच्या एका कारखान्याकडे बोट दाखवले. नंतर लक्षात आले की त्या दिवशी आमच्यातल्या नव्या मुलाने जाळे खळाळात न धरता जवळच्या संथ डोहात धरले होते. ज्यांच्याकडे बोट दाखवले त्यांनी आमचे पुढचे कोणतेही म्हणणे ऐकून घेतले नाही, आणि त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही.

आपल्याकडे उथळ पाण्याच्या खळखळाटाला हिणवणारी म्हण आहे, पण या कामात तो खळखळाटच सगळ्यांत मोलाचा आहे. पाणी गोट्यांवर आपटते तेव्हा त्यात हवा मिसळते, गोट्यांखाली गाळ साचत नाही, आणि चपट्या मेफ्लायला व जाळे विणणाऱ्या कॅडिसला प्रवाह अन्न आणून देतो. आपले सह्याद्रीच्या पूर्व अंगाचे ओढे पावसाळा संपला की झपाट्याने ओसरतात. नोव्हेंबरात जो खळाळ असतो, तो डिसेंबरअखेर नुसती झिरप होऊन राहतो, आणि मग तिथे मेफ्लाय नसणे हा प्रदूषणाचा पुरावा राहत नाही. त्यातच आसपास कालव्याचा पाझर असेल, तर आवर्तन सुटले की पाणी वाढते आणि थांबले की घटते. म्हणून माझे पहिले विचारणे असे, की दोन्ही वेळा पाण्याची खोली आणि वेग किती होता? एक तरंगते पान सोडून ते ५ मीटर अंतर किती सेकंदांत कापते एवढे मोजले असले तरी पुरे.

दुसरे विचारणे अवकाळी पावसाविषयी. जोराच्या लोंढ्याने ओढा धुऊन निघतो आणि त्यानंतर तीन-चार आठवडे नमुना घेऊ नये, असे आम्ही पाळतो. तुमचा नमुना पावसानंतर साधारण दोन आठवड्यांनी घेतलेला दिसतो. मात्र लोंढ्याने धुतले असते, तर सुटे शंखही वाहून गेले असते आणि बारीक रेतीचे थर जागचे हलले असते. कॅडिसचे नाजूक जाळे तर लोंढ्यात टिकलेच नसते. ते जाळे जागेवर होते, ही तुमची नोंद लोंढ्याच्या शक्यतेच्या विरुद्ध जाते, आणि तुम्ही ती लिहून ठेवलीत याचे मला कौतुक वाटते.

तिसरे, गेल्या वर्षीच्या याच महिन्यांची नोंद काढा. थंड देशांत एखाद्या जातीची सगळी पिल्ले एका मोसमात पंख फुटून उडून जातात आणि काही आठवडे ओढा रिकामा दिसतो. आपल्या उष्ण हवामानात वर्षाला एकापेक्षा जास्त पिढ्या होतात आणि त्या एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे सगळेच गट एकदम उडून जाणे संभवत नाही. तरीही गेल्या वर्षीशी तुलना हाच खरा आधार आहे.

चौथे, आणि हे जरा सविस्तर सांगतो. परक्या देशाचे गुण जसेच्या तसे घेऊन इयत्ता ठरवू नका. ब्रिटनमध्ये वापरली गेलेली बीएमडब्ल्यूपी ही पद्धत १ ते १० गुण देते. तिच्यात चपट्या मेफ्लायला १०, कॅडिसच्या जाळे विणणाऱ्या कुळाला ५, गांडूळवर्गीय किड्यांना १, हे आपल्याकडेही ढोबळमानाने जुळते. पण ती लिबेल्युलिडी या चतुरांच्या कुळाला ८ गुण देते. पावसाळ्यानंतर आपल्या मैदानांवर थव्याने उडणारा पिवळसर चतुर याच कुळातला, आणि त्याची पिल्ले साचलेल्या डबक्यातही वाढतात. त्याला ८ गुण दिले तर आपले डबके स्वच्छ नदी ठरेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने भारतीय नद्यांसाठी जिवांच्या कुळांवर आधारलेली पद्धत केलेली आहे. तिच्यात पाण्याचे पाच वर्ग आहेत आणि नकाशावर ते निळ्यापासून लालपर्यंतच्या रंगांनी दाखवतात. तुमची मिनीसास सोडा असे मी म्हणत नाही. तिचे आकडे त्याच जागेच्या आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा, आणि प्रत्येक वेळचे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये तारीख-जागेच्या चिठ्ठीसह ठेवा, म्हणजे पुढे कुळांपर्यंत ओळख करता येईल. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावी. शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

शेवटचे आणि सर्वांत तातडीचे म्हणजे तिसरी जागा हवी. बागांच्याही वर, जिथे ओढ्याला अजून कोणाचे पाणी मिळालेले नाही तिथे. वर मेफ्लाय आहेत आणि खाली नाहीत असे दिसले, तरच मधल्या पट्ट्याविषयी बोलता येईल.

खळाळ

दोघांचे मनापासून आभार. वही काढून पाहिली. गेल्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वरच्या जागी पाणी आजच्यापेक्षाही कमी होते. खोली एक वीत, आणि पान ५ मीटर जायला २२ सेकंद लागले होते. या डिसेंबरमध्ये खोली दीड वीत आणि १४ सेकंद. तरीही गेल्या जानेवारीत चपट्या मेफ्लाय, कॅडिस आणि चिंगळ्या मिळाल्या होत्या. सरासरी ६ होती. जाळे दोन्ही वेळा मीच धरले होते आणि जागा एकच, म्हणजे मोठ्या उंबराच्या मुळांसमोरची. तिसरी जागा येत्या रविवारी पाहून येतो.

उत्तर ३: काळी माती (दिंडोरी तालुका)

ताई, मी द्राक्ष बागायतदार आहे. तुमचा ओढा माझ्या गावाचा नाही, पण तुमच्या प्रश्नात बागांचा उल्लेख आला म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने लिहिणे मला आवश्यक वाटले. बाजू याचा अर्थ बचाव असा घेऊ नये. आमच्या विहिरींना आणि गुरांना हेच पाणी लागते.

ऑक्टोबर छाटणीनंतरचे दोन-अडीच महिने हे आमच्याकडे सर्वाधिक फवारणीचे दिवस असतात. पोंगा (नवा कोंब) फुटल्यापासून फुलकिडे, उडद्या, पुढे मिलीबग या किडी, आणि ढग आले की डावणी हा बुरशीचा रोग. अवकाळी पावसाचा अंदाज आला की बागायतदार पावसाआधी एक आणि पाऊस उघडल्यावर एक अशा फवारण्या घेतो, कारण घड एका रात्रीत हातचा जातो आणि वर्षाचा खर्च डोक्यावर असतो. म्हणजे तुमच्या नोंदीतला डिसेंबरचा दुसरा आठवडा नेमका जोखमीचा होता, हे मी मान्य करतो. आमच्याकडे वापरली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड, मेफ्लायसाठी अगदी अल्प मात्रेतही घातक असतात असे मी वाचले आहे.

परंतु अनुभवावरून सांगतो, बागेतून वाहून आलेल्या पाण्यापेक्षा एकाच जागी ओतलेले औषध अधिक हानी करते. ट्रॅक्टरच्या ब्लोअरची टाकी ५००-६०० लिटरची असते. पाणी ओढ्यावर सोयीचे मिळते म्हणून काही जण टाकी तिथेच भरतात, तिथेच औषध कालवतात आणि फवारणी झाल्यावर तिथेच धुतात. तळाशी उरलेले चार-पाच लिटर द्रावण आणि नळ्यांमधले पाणी थेट प्रवाहात जाते. हे कोणी वैराने करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बैल आणि अवजारे जिथे धुतली, तिथेच ब्लोअर धुतला जातो. त्यावर उपाय बिनखर्ची आहे. टाकी बागेतच तीनदा विसळायची आणि ते विसळलेले पाणी त्याच बागेच्या ओळींवर फवारून टाकायचे. निर्यातीच्या मालाला रेसिड्यूची, म्हणजे उरलेल्या औषधाच्या अंशाची, तपासणी असल्यामुळे औषधाचा हिशेब ठेवण्याची सवय आता पुष्कळांना आहे, त्यामुळे ही गोष्ट समजावून सांगितली तर ऐकणारे लोक भेटतील.

माझी एकच विनंती आहे. वर्तमानपत्रात जाण्याआधी त्या पट्ट्यातल्या पाच-सहा बागायतदारांना ओढ्यावर बोलवा, ट्रे त्यांच्या हातात द्या आणि वरच्या जागेचे व खालच्या जागेचे जीव त्यांना शेजारी शेजारी पाहू द्या. छापून आलेल्या मजकुराने माणूस दुखावतो आणि मग दार बंद करतो. तुम्हाला सोबत हवी असेल तर मी येईन; बागायतदाराशी बागायतदाराने बोललेले बरे पडते.

उत्तर ४: परीक्षानळी (सातपूर)

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून केवळ रासायनिक बाजूविषयी लिहिते. घरगुती चाचणी संचात कीटकनाशक दिसत नाही. त्यामुळे संचाने सगळे ठीक दाखवले यावरून विष नव्हते असे म्हणता येत नाही. २० अंश तापमानाच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो. तुमचे ७ म्हणजे निदान मोजले त्या वेळी तरी मोठा सेंद्रिय भार नसावा, एवढे त्यातून कळते. स्नानयोग्य पाण्यासाठी किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) असा निकष आहे. कीटकनाशक आलेला ओढा या निकषावर सहज उत्तीर्ण होऊ शकतो. जिवांची नोंद यासाठीच अपरिहार्य आहे. रसायनाचा नमुना बाटली भरली त्या क्षणापुरतेच सांगतो, आणि मेफ्लायचे पिल्लू मात्र त्या पाण्यात आठवडेच्या आठवडे राहिलेले असते.

विषाचा लोट वाहत्या ओढ्यातून काही तासांत पुढे निघून जातो. दोन आठवड्यांनी पाणी तपासून हाती काही लागण्याची आशा कमी. मात्र काही कीटकनाशके गाळाच्या कणांना चिकटून राहतात, म्हणून संथ वळणावरचा वरचा दोन-तीन सेंटीमीटर गाळ स्टीलच्या चमच्याने काढून, गडद रंगाच्या काचेच्या बाटलीत भरून, बर्फात ठेवून २४ तासांच्या आत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. प्लास्टिकची बाटली वापरू नये, कारण काही द्रव्ये तिच्या भिंतीला चिकटतात. अनेक कीटकनाशकांची एकत्र तपासणी महाग पडते. त्या पट्ट्यात कोणती औषधे फवारली जातात हे बागायतदारांकडूनच कळले, तर नेमकी तीच तपासता येतील आणि खर्च आटोक्यात राहील. म्हणून काळी माती यांची सूचना माझ्या दृष्टीनेही योग्य आहे.

प्रदूषण नियंत्रण मंडळ गोदावरीचे पाणी ठरलेल्या ठिकाणी नियमित तपासते, परंतु लहान ओढे त्या यादीत बहुधा नसतात. तुम्ही मंडळाला किंवा तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला लिहाल तेव्हा नोव्हेंबर, डिसेंबर आणि गेल्या जानेवारीच्या नोंदी, तारखा, प्रवाहाचा वेग आणि ट्रेची छायाचित्रे जोडा, आणि कारण स्वतः न सांगता तपासाची विनंती करा.

पाण्यात उतरताना गुडघ्यापर्यंत रबरी बूट घाला, हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि घरी गेल्यावर साबणाने हात-पाय धुवा. वस्तीतल्या पुलाखालून आल्यावर तर हे कटाक्षाने पाळा. सांडपाणी आणि उंदीर असलेल्या ठिकाणी लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जाळे एका ओढ्यातून दुसऱ्यात नेण्याआधी धुऊन उन्हात खडखडीत वाळवावे, नाहीतर पाणवेलीचे तुकडे आणि परके शंख आपल्याच हातून पसरतात.

खळाळ (फेब्रुवारी)

सर्वांना कळवण्यास उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व. तिसरी जागा बागांच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी मिळाली. तिथे पहिल्याच ३ मिनिटांत चपट्या मेफ्लायची अकरा पिल्ले, कॅडिसच्या अळ्या, दोन खेकडे आणि दगडाला नाण्यासारखी गच्च चिकटलेली एक गोल तपकिरी अळी मिळाली. ती आम्हाला ओळखता आली नाही, म्हणून छायाचित्र भिंग यांना पाठवले. ती पाणभुंगेऱ्याची अळी आहे आणि तिला इंग्रजीत वॉटर पेनी म्हणतात, असे त्यांनी कळवले. म्हणजे ओढा वर शाबूत आहे.

काळी माती दोन वेळा आले. त्यांच्यासोबत आम्ही वरच्या जागेपासून तिसऱ्या जागेपर्यंत ओढ्याच्या काठाने चालत गेलो. साधारण मध्यावर एक सपाट खडकाळ उतार आहे, ट्रॅक्टर थेट पाण्यात उतरतो असा. तिथे कपारीत औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि झाकणे पडली होती. आम्ही ती गोळा केली आणि कोणाची म्हणून विचारले नाही. त्यानंतर चार बागायतदार सकाळी ओढ्यावर आले. दोन ट्रे शेजारी ठेवले होते, एक नव्या तिसऱ्या जागेचा आणि एक आमच्या आधीच्या वरच्या, म्हणजे आता मधल्या ठरलेल्या, जागेचा. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की लहानपणी ते याच उतारावर चिंगळ्या धरत, आणि त्या कधी गेल्या हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते. टाकी बागेत विसळण्याचे तिघांनी मान्य केले आहे; चौथ्यांच्या बागेला पाण्याची दुसरी सोय नाही, त्यांच्यासाठी काठापासून दूर एक पिंप ठेवण्याचा विचार चालू आहे. गाळाचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे, अहवाल अजून आलेला नाही, म्हणून वर्तमानपत्रात काही दिलेले नाही. गटातल्या दोघांना हे अजूनही पटलेले नाही आणि त्यांचे म्हणणेही मला चुकीचे वाटत नाही.

गेल्या रविवारी मधल्या जागी पुन्हा नमुना घेतला. चपट्या मेफ्लाय आणि कॅडिस अजून आलेल्या नाहीत. पोहणाऱ्या मेफ्लायची चार पिल्ले मात्र मिळाली, तांदळाच्या कणीएवढी, आणि दोन पाणढेकूण. सरासरी ३ च्या थोडी वर आहे. द्राक्षांच्या खरड छाटणीच्या (उन्हाळी छाटणीच्या) आधी एक नमुना आणि नंतर महिन्याने एक असे दोन नमुने तिन्ही जागी घेणार आहोत. पहिला मार्चच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेसातला, उंबराजवळ. नाशिकमधले कोणी येऊ शकत असतील तर जरूर या. जाळी दोन आहेत, भिंगे मात्र आपापली आणावीत.